स्टेरॉइड आणि हाडांचं आरोग्य: डेक्सा, एक्स-रे आणि एमआरआयबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दमा, संधिवात, ल्युपस, किडनीचा नेफ्रोटिक सिंड्रोम, त्वचेचे काही आजार किंवा अवयव प्रत्यारोपण अशा कारणांनी स्टेरॉइड घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक स्कॅनच्या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी रेडिओलॉजीत काम करते, त्यामुळे उत्तरांचा रोख तपासण्यांवर आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. एक गोष्ट मात्र आधीच सांगते: हे पान वाचून कुणीही स्टेरॉइडची गोळी स्वतःहून बंद करू नये. का, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

१. स्टेरॉइडमुळे हाडं खरंच ठिसूळ होतात का? नेमकं काय होतं?

होतात. हाड सतत थोडं झिजत असतं आणि थोडं नव्याने बनत असतं. स्टेरॉइड यातली बनण्याची बाजू दाबतं. नवं हाड तयार करणाऱ्या पेशी कमी होतात, लवकर मरतात. हाडाच्या आत राहून त्याची देखरेख करणाऱ्या पेशीही मरतात. सुरुवातीच्या महिन्यांत झिजवणाऱ्या पेशींचं काम उलट वाढतं. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीवाटे जास्त जातं. शिवाय मांड्यांचे स्नायू अशक्त होतात आणि माणूस पडण्याची शक्यता वाढते.

सगळ्यांत आधी फटका बसतो तो जाळीदार हाडाला, म्हणजे मणके, बरगड्या आणि खुब्याच्या आतल्या भागाला. पहिल्या वर्षात या जाळीदार हाडाची साधारण ६ ते १२ टक्के घट होऊ शकते, नंतर वेग मंदावून वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास येतो. पहिले सहा महिने सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमक्या त्याच काळात रुग्णाचं सगळं लक्ष मूळ आजाराकडे असतं.

हे ज्ञान जुनं आहे. शरीरातच कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) जास्त बनणाऱ्या रुग्णांची हाडं मऊ पडून मोडतात, असं हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये नोंदवलं होतं. कॉर्टिझोन औषध म्हणून पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णांना दिलं गेलं ते १९४८-४९ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये.

२. किती गोळ्या, किती दिवस घेतल्या तर काळजी करायची?

मोजमाप प्रेडनिसोलोनच्या डोसमध्ये करतात. तुमची गोळी वेगळी असेल तर हा हिशेब ठेवा: ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट, ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन किंवा २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. डेक्सामेथासोनची गोळी आकड्याने लहान दिसते म्हणून ती सौम्य आहे असं समजू नका.

रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिने किंवा अधिक काळ चालणार असेल, तर हाडांची तपासणी व्हायला हवी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. या विषयातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास ब्रिटनचा आहे. तोंडाने स्टेरॉइड घेणाऱ्या २ लाख ४४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. रोज ७.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका तुलनेच्या गटापेक्षा सुमारे पाचपट होता, खुब्याचा सव्वादोनपट. २.५ ते ७.५ मिलिग्रॅमच्या मधल्या गटातही मणक्याचा धोका अडीचपटीवर गेला होता. ‘मी तर फक्त अर्धी गोळी घेतो’ असं म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

३. दम्यासाठी वर्षातून तीन-चार वेळा पाच-पाच दिवसांचा कोर्स होतो. तो धरायचा का?

धरायचा. रोज ४० मिलिग्रॅमचे पाच दिवस म्हणजे २०० मिलिग्रॅम; असे चार कोर्स झाले की वर्षाचे ८०० झाले. एकेका कोर्सचा हाडावर होणारा परिणाम भरून निघू शकतो, पण वर्षानुवर्षं हे चालत राहिलं तर बेरीज मोठी होते. घरात एक वही ठेवा आणि प्रत्येक कोर्सची तारीख, औषध, डोस लिहा. स्कॅनला येताना ती वही आणा. रिपोर्ट लिहिताना मला सर्वांत उपयोगी पडणारी माहिती हीच असते, आणि बहुतेक फाइलींत तीच नसते.

४. डेक्सा स्कॅन म्हणजे काय? दुखतं का? रेडिएशन किती?

दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण हाडातून पाठवून त्यातलं खनिज किती आहे हे मोजायची ही तपासणी. तुम्ही टेबलावर सरळ झोपता, वरून मशीनचा हात हळूहळू सरकतो. कमरेचे मणके आणि खुबा मोजतात. सुई नाही, बोगदा नाही, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं.

रेडिएशन अगदी थोडं, साधारण १० मायक्रोसीव्हर्टच्या आत. माती, हवा आणि आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसीव्हर्ट आपोआप मिळतच असतं. त्या हिशेबाने हे एक-दोन दिवसांचं झालं. गरोदर असाल किंवा शंका असेल तर मात्र आधी सांगा.

तयारी सोपी आहे. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका, कारण न विरघळलेली गोळी पोटात मणक्यांच्या समोर आली तर ती हाडात मोजली जाते. बेरियमची तपासणी, कॉन्ट्रास्ट दिलेलं सीटी किंवा न्यूक्लिअर स्कॅन नुकतंच झालं असेल तर तसं सांगा, तारीख पुढे ढकलावी लागते. चांदीचा करदोटा, साडीच्या पिना, परकराचा हुक, पँटची झिप, खिशातली नाणी हे सगळं काढून यावं. करदोटा नेमका चौथ्या मणक्यावर येतो आणि आकडा फुगवतो.

५. हाडांची तपासणी कधी करायची? त्रास सुरू झाल्यावर?

नाही. स्टेरॉइड दीर्घकाळ चालणार हे ठरलं की लगेच, शक्यतो पहिल्या काही आठवड्यांत. सहा महिन्यांच्या पुढे तर नकोच. सुरुवातीचा आकडा हाती नसेल तर दोन वर्षांनी घटलेली घनता स्टेरॉइडने घटली की आधीपासूनच कमी होती, हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या तपासणीत डेक्सा आणि कुशीवर झोपवून काढलेली मणक्यांची प्रतिमा, दोन्ही असावं असं मी आग्रहाने म्हणते (कारण प्रश्न ८ मध्ये). पुढे स्टेरॉइड चालू असेपर्यंत दर एक ते दोन वर्षांनी फेरतपासणी.

तातडीच्या आजारात आधी स्टेरॉइड, मग स्कॅन. स्कॅनची तारीख मिळत नाही म्हणून औषध थांबवायचं नसतं.

६. रिपोर्टमध्ये टी-स्कोर आणि झेड-स्कोर असे दोन आकडे आहेत. कोणता बघू?

टी-स्कोर तुमच्या हाडाची तुलना तरुण निरोगी प्रौढाशी करतो, झेड-स्कोर तुमच्याच वयाच्या माणसाशी. पाळी गेलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीपुढचे पुरुष यांनी टी-स्कोर बघायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर सामान्य, उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस.

पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी झेड-स्कोर. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर ‘वयाच्या मानाने कमी’ एवढंच लिहितात, ऑस्टिओपोरोसिसचा शिक्का नुसत्या आकड्यावरून मारत नाहीत. ल्युपसच्या पंचविशीतल्या मुलीला टी-स्कोरवरून ‘म्हाताऱ्यांचा आजार’ झाल्याचं कुणी सांगितलं असेल, तर रिपोर्ट पुन्हा वाचून घ्या. लहान मुलांचा नियम अजून वेगळा आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

७. माझा टी-स्कोर उणे १.८ आहे, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस नाही. मग डॉक्टर हाडांचं औषध का देतात?

कारण स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडं तुलनेने चांगल्या आकड्यावरही मोडतात. हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. डेक्सा हाडात खनिज किती ते सांगतं. ते खनिज कसं रचलेलं आहे हे सांगत नाही. बांधकामात सिमेंटची पोती मोजून भिंतीची मजबुती कळत नाही, तसंच हे. स्टेरॉइडने जाळीचे धागे बारीक होतात, काही तुटतात, आतल्या पेशी मरतात. यातलं बरंचसं घनतेच्या आकड्यात उतरत नाही.

म्हणून आकड्याच्या जोडीला वय, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, संधिवात हे सगळं घालून दहा वर्षांतला धोका काढतात. त्यासाठीचं फ्रॅक्स हे गणकयंत्र शेफिल्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आणलं. त्यात स्टेरॉइड ‘घेतो’ किंवा ‘नाही’ एवढंच विचारतात, डोस विचारत नाहीत. त्यामुळे रोजचा डोस ७.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मुख्य फ्रॅक्चरचा (मणका, खुबा, मनगट, खांदा) आलेला धोका १.१५ ने आणि खुब्याचा १.२ ने गुणावा लागतो. आणि चाळिशीच्या आतल्यांसाठी फ्रॅक्स बनलेलंच नाही.

काही सेंटरवर डेक्साच्याच प्रतिमेतून ट्रॅबेक्युलर बोन स्कोर काढून मिळतो. तो राखाडी छटांच्या चढउतारांवरून जाळीच्या रचनेचा अंदाज देतो आणि स्टेरॉइडच्या रुग्णांत घनता फारशी ढळलेली नसतानाही खाली आलेला दिसू शकतो. वेगळं स्कॅन लागत नाही. तुमच्या सेंटरवर सोय असेल तर जरूर मागा.

८. पाठ अजिबात दुखत नाही. मग मणक्याचा एक्स-रे कशाला?

मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर, अंदाजे तीनातली दोन, रुग्णाला किंवा डॉक्टरला कळतच नाहीत. स्टेरॉइड घेणाऱ्यांत तर वेदना आणखी कमी जाणवू शकतात. मणका कडाक्कन मोडत नाही, दबतो. उंची कमी होते, सदरा पुढून लांब वाटतो, बरगड्या कमरेच्या हाडाला टेकू लागतात आणि सगळे ते वयावर ढकलतात.

कुशीवर झोपवून काढलेल्या एक्स-रेवर आम्ही प्रत्येक मणक्याची पुढची, मधली आणि मागची उंची बघतो. २० ते २५ टक्के दबला असेल तर सौम्य, २५ ते ४० टक्के मध्यम, त्यापुढे तीव्र. ही प्रतवारी हॅरी जेनान्ट यांनी १९९३ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतात. एक दबलेला मणका सापडला की टी-स्कोर काहीही असो, उपचाराचा निर्णय बदलतो, कारण पुढचा मणका दबण्याची शक्यता बरीच वाढलेली असते. बऱ्याच डेक्सा मशीनवर हीच प्रतिमा फार कमी रेडिएशनमध्ये निघते.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘डिजनरेटिव्ह बदल’ (म्हणजे झिजेचे बदल) लिहिलं असेल आणि तुम्ही स्टेरॉइड घेत असाल, तर मणक्यांची उंची पाहिली का, असं स्पष्ट विचारा. एक्स-रेच्या चिठ्ठीवर ‘दीर्घकाळ स्टेरॉइड’ हे दोन शब्द लिहिलेले असले तर वाचणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते.

९. गणपतीच्या मंडळाच्या शिबिरात टाचेची मोफत तपासणी झाली, ‘नॉर्मल’ आलं. तेवढं पुरे ना?

पुरे नाही. टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडवर चालतं. चाळणी म्हणून ते ठीक, पण टी-स्कोरचे प्रश्न ६ मधले निकष त्याच्या आकड्यांना लागू होत नाहीत, आणि स्टेरॉइडचा परिणाम वर्षागणिक मोजायला ते चालत नाही. शिबिराचा कागद ‘कमी’ म्हणत असेल तर डेक्सा करा. ‘नॉर्मल’ म्हणत असेल आणि स्टेरॉइड चालू असेल, तरीही डेक्सा करा.

१०. मशीनमध्ये परदेशी लोकांचे आकडे भरलेले असतात म्हणे. मग आपला रिपोर्ट चुकीचा नाही का?

प्रश्न रास्त आहे. प्रौढांच्या खुब्याच्या टी-स्कोरसाठी अमेरिकेतल्या विशीतल्या गोऱ्या स्त्रियांची माहिती संदर्भ म्हणून धरली जाते. शिवाय डेक्सा घनता क्षेत्रफळावर मोजतं, घनफळावर नाही. त्यामुळे लहान चणीच्या माणसाचं हाड प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा विरळ दिसतं. आपल्याकडच्या बारीक बांध्याच्या बायकांत हे ठळकपणे येतं.

पण त्यामुळे तपासणी निरुपयोगी ठरत नाही. स्टेरॉइडचा परिणाम बघताना तुमची तुलना मुख्यतः तुमच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी असते, आणि तिथे संदर्भ कुणाचा आहे याने फरक पडत नाही. मुलांसाठी तर आपल्याकडचे संदर्भ आहेत: पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी ५ ते १७ वयाच्या निरोगी भारतीय मुलामुलींचे डेक्साचे तक्ते तयार करून २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

११. वर्षात घनता ३ टक्के कमी झाली. औषध लागू पडत नाही का?

घाई करू नका. त्याच माणसाला लागोपाठ दोनदा मोजलं तरी आकडा थोडा हलतो. प्रत्येक सेंटरने आपली चूक किती ते मोजून ठेवायचं असतं; त्यावरून खरा म्हणता येईल असा सर्वांत लहान बदल ठरतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो कमरेच्या मणक्यांत ५.३ टक्के, संपूर्ण खुब्यात ५ टक्के आणि खुब्याच्या मानेत ६.९ टक्के यापेक्षा मोठा असून चालत नाही. चांगल्या सेंटरचा याहून बराच लहान असतो. तुमच्या सेंटरचा ४ टक्के असेल तर ३ टक्क्यांची घट ‘बदल नाही’ अशीच वाचायची.

आणि मशीन तेच हवं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. गाव बदललं, सेंटर बदललं तर तिथला पहिला रिपोर्ट ही नवी सुरुवात समजा.

१२. स्टेरॉइड चालू असूनही माझी मणक्याची घनता वाढली! आनंद मानू का?

आधी प्रतिमा बघायला सांगा. साठीनंतर मणक्यांच्या कडांना वाढलेलं हाड, महाधमनीच्या भिंतीतलं कॅल्शियम, मणक्यावरची शस्त्रक्रिया हे सगळं आकडा वाढवतं. सर्वांत फसवा असतो तो दबलेला मणका: खनिज तेवढंच, क्षेत्रफळ कमी, त्यामुळे घनता जास्त! म्हणजे फ्रॅक्चर झालं आणि रिपोर्ट सुधारला, असं खरोखर घडतं. शेजारच्या मणक्यापेक्षा टी-स्कोर १ हून जास्त वेगळा असलेला मणका हिशेबातून वगळायचा असतो आणि निदान दोन मणके उरायला हवेत. तेही उरत नसतील तर खुबा धरायचा, आणि दोन्ही बाद असतील तर मनगटाजवळचं हाड.

खुबाही वाढला असेल आणि प्रतिमा स्वच्छ असेल, तर जरूर आनंद माना.

१३. डेक्सा नॉर्मल आहे, पण जांघेत दुखतं, लंगडत चालतो. हे काय असेल?

एमआरआय करा, थांबू नका. हा ठिसूळपणापेक्षा वेगळा आजार असू शकतो. खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा बंद पडून तिथलं हाड मरतं, त्याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस किंवा थोडक्यात एव्हीएन म्हणतात. यात घनता मोजून काहीच कळत नाही. सुरुवातीला साधा एक्स-रेही स्वच्छ असतो. एक्स-रेवर गोळ्याच्या कडेखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते तोपर्यंत कवचाखालचं हाड मोडलेलं असतं आणि खुबा वाचवायची सोपी वेळ निघून गेलेली असते.

एमआरआयवर मात्र मेलेल्या आणि जिवंत हाडाच्या सीमेवरची पट्टी फार आधी दिसते. एका विशिष्ट चित्रमालिकेत तर तिथे दोन समांतर रेघा दिसतात, आणि ती खूण पाहिल्यावर निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. जपानमध्ये ल्युपसच्या रुग्णांना मोठ्या डोसचं स्टेरॉइड सुरू केल्यापासून ठरावीक काळाने एमआरआय करत गेले, तेव्हा हे बदल सरासरी तीनेक महिन्यांतच दिसू लागले होते. दुखणं बऱ्याचदा त्यानंतर खूप उशिरा सुरू होतं.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना मिळालेलं स्टेरॉइड प्रेडनिसोलोनच्या हिशेबात ४०० ते १२५० मिलिग्रॅम होतं, सरासरी ७५८; एव्हीएनसाठी तोवर सांगितल्या जाणाऱ्या सुमारे २००० मिलिग्रॅमपेक्षा बरंच कमी. त्रासही कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत सुरू झाला होता, जेव्हा एरवी सहा महिने ते वर्ष लागतं असं मानलं जाई. कोविडमध्ये दिलेलं ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवस, म्हणजे प्रश्न २ च्या हिशेबाने ४०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. तीन रुग्णांवरून कुणाला किती धोका ते काढता येत नाही. कोविडचा आजार स्वतःही रक्त गोठवतो, तेव्हा दोष एकट्या स्टेरॉइडचा म्हणता येत नाही. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांचे जीव या औषधाने वाचले, हेही तेवढंच खरं. पण स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची जांघ दुखत असेल तर ‘सायटिका असेल’ म्हणून महिनोन्‌महिने मालिश करत बसू नये, एवढं त्या नोंदीतून आपण घ्यायलाच हवं.

१४. एकाच बाजूला दुखतं. एमआरआय दोन्ही खुब्यांचं का सांगितलं?

स्टेरॉइडमुळे होणारं एव्हीएन बरेचदा दोन्ही बाजूंना असतं, आणि न दुखणारी बाजू सापडली तर ती लवकरच्या टप्प्यात सापडते. तिथेच उपचाराला सर्वाधिक वाव असतो. निदानासाठी बहुधा कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. गुडघा किंवा खांदा दुखत असेल तर तेही सांगा.

१५. माझ्या मुलाला स्टेरॉइड चालू आहे. त्याच्यासाठी नियम वेगळे आहेत का?

हो, आणि बरेच. मुलांत टी-स्कोर वापरत नाहीत. वय, लिंग आणि उंची लक्षात घेऊन झेड-स्कोर काढतात, कारण स्टेरॉइडने उंची खुंटलेल्या मुलाचं लहान हाड खोटंच विरळ दिसतं. मोजतात ते कमरेचे मणके आणि डोकं वगळून संपूर्ण शरीर. खुबा वाढत्या वयात भरवशाचा नाही.

मुलांत सर्वांत महत्त्वाची प्रतिमा मणक्यांची. कॅनडातल्या स्टॉप या संशोधनगटाने संधिवातासारख्या आजारांच्या १३४ मुलांना स्टेरॉइड सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तपासलं, तर ७ टक्के मुलांचे मणके आधीच दबलेले होते आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना पाठदुखी नव्हती. मोठा आघात झालेला नसताना एकही मणका दबलेला असेल, तर मुलाला ऑस्टिओपोरोसिस आहे असं म्हणायला घनतेचा आकडा लागत नाही. ड्यूशेन स्नायुक्षयाची मुलं वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतात. त्यांच्या मणक्यांचा एक्स-रे नियमित व्हायलाच हवा.

यात आशा आहे ती वाढत्या वयाची. स्टेरॉइड थांबलं आणि वाढीची वर्षं शिल्लक असली तर दबलेला मणका पुन्हा आकार घेऊ शकतो. मोठ्यांत असं होत नाही.

१६. इनहेलर, मलम, सांध्यातलं इंजेक्शन, वैदूची पुडी, जिममधलं स्टेरॉइड: यातलं काय मोजायचं?

इनहेलरमधला डोस फार थोडा. नेहमीच्या मात्रेत हाडांची भीती बाळगून इनहेलर बंद करू नका. दमा बिघडला की गोळ्यांचे कोर्स घ्यावे लागतात आणि ते हाडाला जास्त महाग पडतात. मोठ्या मात्रेचा इनहेलर अनेक वर्षं चालू असेल तर तपासणीचा विचार करावा. सांध्यातलं किंवा कमरेतलं एखाद-दुसरं इंजेक्शन चिंतेचं नाही, पण वारंवार घेत असाल तर प्रश्न ३ मधल्या वहीत लिहा. तीव्र स्टेरॉइडचं मलम महिनोन्‌महिने मोठ्या भागावर लावलं तर तेही अंगात भिनतं. गोरं दिसण्यासाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या क्रीममध्येही ते असू शकतं.

पुडीबद्दल मला फार काळजी वाटते. सांधेदुखी किंवा दम्यावर ‘जादूसारखा’ गुण देणाऱ्या बिननावाच्या चूर्णांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. पुडी सुरू केल्यापासून चेहरा गोल झाला, भूक वाढली, जराशा धक्क्याने काळंनिळं होतं, असं असेल तर डॉक्टरांना पुडीसकट भेटा. लाजू नका. कुणीही रागावलं तरी ही माहिती द्याच, कारण तिच्याशिवाय पन्नाशीतल्या पुरुषाचे तीन मणके का दबले याचं कारण सापडत नाही.

जिममध्ये घेतात ते वेगळं औषध आहे, टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं. ते या पानावरच्या पद्धतीने हाड झिजवत नाही. पण वाढत्या वयाच्या मुलांत हाडाची वाढपट्टी वेळेआधी बंद करून उंची थांबवतं, आणि सोडल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन दबलेलं राहिलं तर त्याचा हाडावर परिणाम होतोच.

१७. मग स्टेरॉइड बंदच करून टाकू का? हाड पुन्हा भरतं का?

स्वतःहून कधीही नाही. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम थांबवतात. गोळी अचानक सोडली तर रक्तदाब घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

डोस उतरल्यावर फ्रॅक्चरचा धोका बऱ्यापैकी लवकर खाली येतो. ब्रिटनच्या त्या अभ्यासातही हे दिसलं. घनता काही प्रमाणात परत येते, पूर्ण येईलच असं नाही. दबलेला मणका आणि मेलेला खुब्याचा भाग मात्र मोठ्या माणसांत पूर्ववत होत नाही.

१८. दुसऱ्याच कारणासाठी पोटाचं सीटी झालंय. त्यातून हाडाचं काही कळेल का?

कळतं, आणि वेगळं रेडिएशन लागत नाही. कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आतल्या जाळीची घनता हाउन्सफील्ड या सीटीच्या एककात मोजायची. ११० च्या खाली आलं तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता बरीच, १६० च्या वर असेल तर कमी. कॉन्ट्रास्ट दिलेलं असेल तर आकडा थोडा वाढतो. बाजूने पुन्हा रचलेल्या चित्रात दबलेले मणकेही दिसतात. फक्त हाडासाठी म्हणून सीटी करून घेऊ नका. पण सीडी घरी असेल तर रेडिओलॉजिस्टला ती हाडाच्या नजरेने पुन्हा बघायची विनंती करा.

संशोधनात याहून बारीक बघणारी यंत्रं आहेत. मनगट आणि पायाच्या नळीचं एक विशेष सीटी ८२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), नव्या पिढीत ६१ मायक्रॉन इतक्या बारकाईने जाळीचा एकेक धागा दाखवतं. पाळी गेलेल्या स्त्रियांत स्टेरॉइड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांची अशी तुलना झाली तेव्हा घेणाऱ्यांची जाळी विरळ आणि हाड कमी ताठ आढळलं. प्रश्न ७ मध्ये सांगितलेलं इथे प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसतं.

१९. हाडांचं औषध चालू आहे. आता स्कॅनची गरज संपली का?

संपली नाही. औषधांचा उपयोग होतो हे आपल्याला कळलं तेच प्रतिमांमुळे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्टेरॉइडवरच्या रुग्णांना टेरिपॅराटाइड किंवा अॅलेंड्रोनेट यांपैकी एक हाडांचं औषध दिलं. १८ महिन्यांनी मणक्याची घनता पहिल्या गटात ७.२ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात ३.४ टक्क्यांनी, एक्स-रेवर नवे दबलेले मणके पहिल्या गटात ०.६ टक्के रुग्णांत आणि दुसऱ्यात ६.१ टक्के रुग्णांत होते. घनतेतला फरक दुपटीचा, मणक्यांतला दहापटीचा. म्हणून फेरतपासणीतही डेक्साबरोबर मणके बघा.

औषध चालू असताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अॅलेंड्रोनेटसारखी गोळी अनेक वर्षं चालू आहे आणि मांडीच्या मधोमध किंवा जांघेत ठसठस सुरू झाली, तर दोन्ही मांड्यांच्या हाडांचा पूर्ण लांबीचा एक्स-रे काढा. बाहेरच्या कडेला चोचीसारखा उंचवटा दिसला तर ती होऊ घातलेल्या फ्रॅक्चरची खूण असते, आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत हे होण्याची शक्यता जास्त. नुसत्या खुब्याच्या फिल्ममध्ये ती जागा येतच नाही.

दुसरी गोष्ट डेनोसुमॅबची. हाडाची झीज दाबणारं हे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. ते चुकलं किंवा मधेच सोडलं तर दाबून ठेवलेली झीज उसळी मारते आणि एकापाठोपाठ अनेक मणके दबू शकतात. रिपोर्ट छान आला म्हणून इंजेक्शन टाळलं आणि काही महिन्यांत पाठ दुखू लागली, तर त्याच आठवड्यात मणक्यांचा एक्स-रे करा आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख चिठ्ठीवर लिहून आणा.